ब्लॉक केलं तर तो चिडेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फलटणला राहते. घरी चटण्या आणि गोडा मसाला करून इन्स्टाग्रामवरून विकते. कॉलेजच्या बॅचमधला एक जण वर्षभर माझ्या प्रत्येक फोटोखाली काहीतरी लिहितो. आता रात्री अकरानंतर मेसेज येतात, "जागी आहेस ना, दिसतंय मला." मी "मला असे मेसेज करू नकोस" असं स्पष्ट लिहिलं, तर आठवड्यात दुसऱ्या नावाच्या अकाउंटवरून सुरू झाला. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो आहे. मिस्टरांना सगळं माहीत आहे, ते म्हणतात दुर्लक्ष कर. मैत्रिणी म्हणतात, ब्लॉक केलंस तर आणखी चिडेल. गिऱ्हाइकांसाठी अकाउंट उघडं ठेवावं लागतं. काय करू?
– एक वाचक, फलटण

उत्तर : २००७ साली कराडला आमचं सायबर कॅफे होतं, ताशी २० रुपये. कॉलेजातली एक मुलगी रोज संध्याकाळी यायची. तेव्हा गाजत असलेल्या एका साइटवर तिच्या पानावर कुणीतरी घाणेरडं लिहून ठेवायचा. ती एकेक ओळ पुसायची, पैसे द्यायची आणि जायची. महिनाभराने म्हणाली, "ताई, हे बंदच करून द्या." मी अकाउंट बंद करून दिलं. मदत केली असं वाटलं होतं. पण ती गेली आणि तो तिथेच राहिला. मैत्रिणींच्या गप्पा, कॉलेजच्या बातम्या, सगळं तिचंच सुटलं. मला ते अजून टोचतं. म्हणून आधीच सांगते, तुम्ही अकाउंट बंद करायचं नाही. बाहेर जायचं ते त्याने.

दुर्लक्ष करायला काही लागत नाही, असं मिस्टरांना वाटत असेल. पण रात्री अकराला फोन वाजतो, पोटात गोळा येतो, फोन पालथा ठेवून झोपेची वाट बघायची, हे रोज तुमच्याच वाट्याला येतं. ब्लॉक एकदाच करायचं असतं. शिवाय रिपोर्ट केलं तर कंपनी ठरवते, तक्रार दिली तर पोलीस ठरवतात. ब्लॉक करताना मात्र कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. त्रास किती झाला म्हणजे पुरे, हे तुमचं तुम्ही ठरवता. म्हणून मला हे बटण फार मोलाचं वाटतं.

मैत्रिणींची भीती खोटी नाही. ब्लॉक केलं तर त्रास देणारा आणखी बिथरेल, असं किशोरवयीन मुलं सांगत होती, म्हणून तर इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये 'रिस्ट्रिक्ट' आणलं. त्यात त्याने लिहिलेली नवी कमेंट फक्त त्यालाच दिसत राहते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात आणि तुम्ही ऑनलाइन आहात का, हे त्याला कळत नाही. चुलत सासरे, शेजारचे काका अशा माणसांसाठी हे उत्तम. पण नकार मिळाल्यावर जो दुसरं अकाउंट काढतो, त्याच्यासाठी ते पुरेसं नाही. मी असते तर ब्लॉकच केलं असतं.

पण आज लगेच करू नका. ब्लॉक केल्यावर तुमच्या फोटोंखालच्या त्याच्या कमेंट निघून जातात. म्हणजे पुरावाही जातो. आधी दोन्ही अकाउंटचे स्क्रीनशॉट काढा. युजरनेम, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मेसेज पुसू नका. आणि तुमचं ते "मला असे मेसेज करू नकोस" जपून ठेवा, सगळ्यात वजनदार कागद तोच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ हेच विचारतं, की स्त्रीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष पुन्हापुन्हा संपर्क साधत राहिला का. तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही त्यात येतं, तेव्हा "दिसतंय मला" हा मेसेजही ठेवा. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मग दोन्ही अकाउंट रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. ब्लॉक करताना त्याची इतर आणि पुढे काढेल ती अकाउंटही ब्लॉक करण्याचा पर्याय येतो, तोच निवडा. ब्लॉक केल्याची सूचना त्याला जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'ॲक्टिव्हिटी स्टेटस', म्हणजे तुम्ही ऑनलाइन आहात हे दाखवणारी खूण, तीही बंद करा.

तुमचं अकाउंट उघडं असल्यामुळे तो तिसऱ्या नावाने बघू शकेल, हे खरं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्सने (पूर्वीचं ट्विटर) ब्लॉक केलेल्यांनाही सार्वजनिक पोस्ट वाचायची मुभा दिली, तेव्हा हाच युक्तिवाद झाला, की नाहीतरी दुसऱ्या अकाउंटवरून दिसतंच. मला तो अजिबात पटत नाही. दर वेळी नवं अकाउंट काढायला लागणं हा अडथळा आहे आणि बरेच जण तिथेच थकतात. जो थकत नाही, त्याचं प्रत्येक नवं अकाउंट तुमच्या तक्रारीत आणखी एक पान घालतं. फक्त अनोळखी नावाने ऑर्डर आली तर सावध राहा. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि नंबर असतो. धंद्याला वेगळा नंबर घ्या.

व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं तरी दोघं ज्या ग्रुपमध्ये आहात तिथे तो तुमचं वाचेल आणि त्याचं तुम्हाला दिसेल. लास्ट सीन, फोटो आणि स्टेटस मात्र त्याला दिसणार नाही. ग्रुप तुम्ही सोडू नका. ॲडमिनला फोन करा, स्क्रीनशॉट दाखवा आणि त्याला काढायला सांगा. बॅच तुमचीही आहे.

यानंतरही तो थांबला नाही, किंवा घराजवळ दिसला, तर फलटण पोलिसांत किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्याही देता येते.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या आणि स्क्रीनशॉट काढायला आज रात्री शेजारी बसवा. वर्षभराचे मेसेज एकटीने पुन्हा वाचू नका.