'शोध लावला' की 'निर्मिती केली'?

प्रश्न असा आला आहे. जर्मन अणुकेंद्र-भौतिकशास्त्रज्ञ सिगुर्ड होफमन (१९४४–२०२२) यांच्यावरच्या स्मृतिलेखात 'त्यांनी ११०, १११ आणि ११२ या अतिजड मूलद्रव्यांचा शोध लावला' असं वाक्य होतं. मुद्रितं तपासणाऱ्याने ते खोडून 'निर्मिती केली' असं केलं. कारण दिलं की ही मूलद्रव्यं (आकडे म्हणजे त्यांचे अणुक्रमांक, केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या) निसर्गात सापडतच नाहीत, मग शोध कसला?

मी मूळ वाक्याच्या बाजूने आहे.

एक तर मराठीतला 'शोध' भलता ऐसपैस. अमेरिकेचा शोध लागतो, तसाच वाफेच्या इंजिनाचाही लागतो. हिंदीवाले इंजिनासाठी 'आविष्कार' म्हणतात; आपल्याकडे आविष्कार नाट्याचा, नृत्याचा, फार तर संतापाचा. त्यामुळे आधी नसलेल्या वस्तूचा 'शोध' मराठी कानाला मुळीच खटकत नाही. पण एवढ्यावर सुटका करून घेण्यात अर्थ नाही, कारण या प्रकरणात 'शोध' हा शब्द केवळ चालतो असं नाही, तोच नेमका बसतो.

जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या जीएसआय या संशोधन संस्थेत होफमन आणि मंडळी काय करत होती ते पाहा. ११२ साठी जस्ताची अणुकेंद्रं प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक दशांश वेगाने शिशाच्या अतिशय पातळ थरावर सोडायची. शिसं सव्वातीनशे अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते थर फिरत्या चाकावर बसवलेले, मारा एकाच जागी बसू नये यासाठी. जस्ताचे ३० प्रोटॉन, शिशाचे ८२. जुळले तर ११२. जुळतात मात्र कोट्यवधी-अब्जावधी धडकांत एखाद्या वेळी. जुळलेलं केंद्रक चाकापलीकडे उडतं, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या चाळणीतून जाऊन सिलिकॉनच्या शोधकात रुततं आणि मिलिसेकंदाच्या आसपास फुटतं. तोवर तिथे काही नवं घडलंय हे कोणालाही ठाऊक नसतं. मग त्याच जागी एक अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा गठ्ठा), थोड्या वेळाने दुसरा, तिसरा, अशी साखळी. प्रत्येक अल्फामागे अणुक्रमांक दोनाने उतरतो: ११२, ११०, १०८, १०६, १०४. शेवटची एकदोन केंद्रकं ओळखीची निघाली, त्यांची ऊर्जा आणि आयुष्य जुळलं, की उलट मोजत वर जायचं आणि म्हणायचं की सुरुवात ११२ पासून झाली होती.

म्हणजे अणू तयार होतो, आपल्याला कळायच्या आत संपतोही. माणसाच्या हाती उरतो तो माग. निर्मिती अणूची, शोध मूलद्रव्याचा, अशी विभागणी मी करीन. ९ फेब्रुवारी १९९६ रोजी ११२ चा अणू नोंदला गेला. शोधाचं श्रेय रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूपॅक) मान्य केलं २००९ मध्ये. दरम्यान जपानच्या रिकेन संस्थेने तोच प्रयोग करून तशाच साखळ्या पाहिल्या होत्या. नुसती 'निर्मिती' म्हटलं तर ही तेरा वर्षं कशात गेली ते समजतच नाही.

'बनवली' तर अजिबात नको. मराठीत 'बनवणे' म्हणजे फसवणेही, आणि या क्षेत्रात ते खरोखर घडलंय. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये केलेला ११८ चा दावा मागे घ्यावा लागला, तेव्हा होफमन यांनी आपल्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या, कारण बर्कलीच्या त्या दाव्याचं विश्लेषण करणाऱ्याच माणसाने जीएसआयमध्ये असताना यातलंही काही विश्लेषण केलेलं होतं. मूळ नोंदींत ११० ची एक साखळी आणि ११२ च्या दोनांपैकी एक साखळी सापडेचना. २००२ मध्ये त्यांनी ते स्वतःच छापून जाहीर केलं. उरलेल्या साखळ्या खऱ्या होत्या, मूलद्रव्यं टिकली. माझ्या लेखी होफमन यांची आठवण काढताना हा प्रसंग तीन नव्या नावांइतकाच महत्त्वाचा आहे.

'लावला' हे क्रियापदही सोडू नका. 'शोध लागला' यात नशिबाला जागा राहते. 'लावला' म्हटलं की छडा लावणं, अर्थ लावणं, सोक्षमोक्ष लावणं ही सगळी भावंडं सोबत येतात, आणि २००२ चं काम छडा लावण्याचंच होतं.

जाता जाता: १११ ला रोंटगेनियम म्हणतात. जर्मनमध्ये क्ष-किरणांना ते शोधणाऱ्या रोंटगेनचंच नाव आहे. आपण त्याने अज्ञातासाठी वापरलेलं 'एक्स' हे अक्षर घेतलं आणि बीजगणितातल्या 'क्ष'वर काम भागवलं. छान जमलंय ते, बदलू नये.

मूळ वाक्यात दुरुस्ती हवीच असेल तर ती कर्त्यात करा. ही कामं एकट्याची नसतात. १०७ ते १०९ च्या वेळी जीएसआयमधलेच आर्मब्रुस्टर आणि म्युंझेनबर्ग धुरीण होते, होफमन गटात होते; ११० पासून सूत्रं त्यांच्याकडे आली. तेव्हा 'होफमन यांच्या नेतृत्वाखालील गटाने ११०, १११ आणि ११२ या मूलद्रव्यांचा शोध लावला' असं लिहा. 'मानवनिर्मित' हे विशेषण मूलद्रव्यांना लावायचं तर खुशाल लावा, त्याला माझी हरकत नाही.