आधी साखरेचा हिशेब

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात आयोवा राज्यातील टेम्पल्टन या गावात चालणाऱ्या चोरट्या व्हिस्कीच्या धंद्यावर प्रबंध लिहिण्याचा तुझा बेत आणि सोबतचा आराखडा वाचला. विषय उत्तम आहे, आराखडा मात्र मला पटला नाही. पहिल्याच प्रकरणात शिकागोच्या गुंडटोळीचा म्होरक्या अल कपोन अवतरतो, दुसऱ्यात काळोखातून धावणाऱ्या मोटारी येतात, आणि शेतकऱ्याची पाळी येते ती थेट चौथ्या प्रकरणात. हा क्रम तू उलटावास असे मला वाटते, आणि कपोनला तर शक्य झाल्यास वगळावेसच.

आरंभ मक्याच्या भावापासून कर. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष धान्याला सोन्याचा भाव होता. १९१९ च्या पिकाला देशभराच्या सरासरीने बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे माप) दीड डॉलर मिळाला. त्या तेजीच्या भरात आयोवातील शेतकऱ्यांनी चढ्या किमतीला जमिनी घेतल्या आणि त्यासाठी आधीच्या जमिनी गहाण टाकल्या. १९२१ मध्ये तोच मका अर्ध्या डॉलरच्या आसपास आला, पण बँकेचा हप्ता काही कमी झाला नाही. शेअर बाजार कोसळला १९२९ मध्ये. या लोकांची मंदी त्याच्या आठ वर्षे आधीच सुरू झाली होती. दारूबंदीचा अंमल १७ जानेवारी १९२० रोजी देशभर सुरू झाला हे तू लिहिले आहेस, पण आयोवात राज्याचा स्वतःचा बंदी कायदा १९१६ पासूनच लागू होता, हे तुझ्या टिपणात नाही. म्हणजे बंदी आधीपासून होती आणि कर्ज नंतर आले. गावोगावच्या भट्ट्या वाढल्या त्या बंदी आणि कर्ज एकत्र आल्यावर, असे माझे मत आहे. ते तू पुराव्याने तपासून पाहा, माझ्या शब्दावर विसंबू नकोस.

यानंतर साखर. चोरट्या व्हिस्कीविषयी लिहिणारे तांब्याचे भांडे, वेटोळ्याची नळी आणि आजोबांची गुप्त कृती यांत रमतात, परंतु बंदीच्या काळात या धंद्याचे खरे इंधन साखर होती. नुसत्या धान्याचे रसायन (दारूसाठी आंबवायचे मिश्रण) लावायचे तर आधी धान्याला मोड आणून त्यातील पिष्टाची साखर करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, कसब लागते आणि उतारा बेताचाच पडतो. पोत्यातली साखर थेट रसायनात ओतली की काम लवकर होते आणि साधारण दहा पौंड साखरेमागे गॅलनभर दारू निघते. मात्र भट्टी ओढ्याकाठच्या झाडीत दडवता आली, तरी रेल्वेच्या वाघिणीतून उतरणारी साखर दडवता येत नाही. ती कोणी मागवली, कोणी उतरवली आणि दुकानदाराने वहीत कोणाच्या नावे मांडली, याची नोंद कुठे ना कुठे राहतेच.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आयोवातील नसून व्हर्जिनियातील फ्रँकलिन काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) आहे. १९३५ मध्ये रोआनोक येथील संघीय न्यायालयात तेथील चोरट्या दारूच्या कटाचा खटला चालला, तेव्हा सरकारी पक्षाने साक्षीदारांच्या जोडीने मालाची आकडेवारीही मांडली. जेमतेम चोवीस हजार वस्तीच्या त्या डोंगराळ काउंटीत काही वर्षांत तीन कोटींहून अधिक पौंड साखर आली होती. एवढ्या साखरेचा मुरंबा कोणी घातला नव्हता, हे ज्यूरीला वेगळे सांगावे लागले नसेल. त्या खटल्यातून असेही दिसले की भट्टीवाला दरमहा ठरावीक रक्कम पोचवत होता आणि ती घेणाऱ्यांत कायदा राबवणारेच होते. बहुतेक आरोपी दोषी ठरले. पण काउंटीचा सरकारी वकील कार्टर ली निर्दोष सुटला. टेम्पल्टनबाबत असा आयता हिशेब तुला मिळेलच असे नाही, म्हणून रेल्वेस्थानकाची कागदपत्रे आणि किराणा दुकानांच्या वह्या यांचा माग तुलाच काढावा लागेल.

गावाच्या एकजुटीविषयी तू फार गोड लिहिले आहेस. जेमतेम चारशे वस्तीचे, जर्मन कॅथलिकांचे हे गाव संघीय अधिकाऱ्यांसमोर गप्प राहिले हे खरे, परंतु ते का गप्प राहिले याचे उत्तर केवळ शेजारधर्मात शोधू नकोस. १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी, दूरध्वनीवर आणि प्रार्थनामंदिरातसुद्धा इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास मनाई करणारा फतवा काढला होता. ज्यांना काल प्रवचनाची भाषा बदलायला लावली, त्यांना आज बिअरचा पेला हा गुन्हा आहे असे त्याच सत्तेने सांगितले. ते तिला मनापासून साथ देतील, ही अपेक्षाच भाबडी होती. इलिनॉयमधील विल्यमसन काउंटीत तर १९२३-२४ च्या सुमारास कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोकच दारूबंदीच्या नावाखाली इटालियन खाणकामगारांच्या घरांत घुसत होते आणि त्यांचा म्होरक्या एस. ग्लेन यंग १९२५ च्या जानेवारीत हेरिन गावी गोळीबारात मारला गेला. दारूबंदी कोणावर राबवली गेली, हा प्रश्न टेम्पल्टनच्या प्रकरणातही विचारायला हवा.

शिक्षांवर तू अर्धेच पान दिले आहेस. मला तिथे निदान एक पूर्ण प्रकरण हवे आहे. १९२८ मध्ये मिशिगनमध्ये दहा मुलांच्या आईला थोडी जिन विकल्याबद्दल, चौथा गुन्हा म्हणून, जन्मठेप सुनावली गेली. त्यावर एवढा गदारोळ उठला की ती शिक्षा पुढे टिकली नाही. आता याच्या शेजारी १९३० चे जमैका जिंजर प्रकरण ठेव. औषध म्हणून दुकानात मिळणारा हा आल्याचा अर्क गरीब लोक दारूऐवजी पीत. सरकारी चाचणीतून पार पडावे आणि तरीही अर्क पिण्याजोगा राहावा, म्हणून बोस्टनच्या दोन व्यापाऱ्यांनी त्यात ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट हे रसायन मिसळले. त्यामुळे दक्षिणेतील आणि मध्य-पश्चिमेतील हजारो माणसांच्या पायांतील शक्ती गेली, आणि कित्येकांना ती परत आलीच नाही. त्या दोघांना सुरुवातीला मिळाली ती निलंबित शिक्षा. या दोन निकालांवर भाष्य करण्याचा मोह आवर. ते नुसते एकापुढे एक मांड.

आपल्याकडील १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याशी तुलना करणार असल्याचे तू लिहिले आहेस. ती कर, पण जपून. अमेरिकेतील घटनादुरुस्तीने दारूचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली होती. घरात बसून पिणे हा तिथे संघीय गुन्हा नव्हता. आपल्या कायद्यात पिण्यासाठीही परवाना लागतो. एवढ्या एका फरकाने पोलिसाला माणसाच्या किती जवळ जाता येते ते बदलते, त्यामुळे दोन्ही बंद्यांना एकाच मापाने मोजू नकोस.

दंतकथांचे काय करायचे, हेही विचारले होतेस. टेम्पल्टनच्या चोरट्या व्हिस्कीचा सूत्रधार जो इर्लबेक आणि त्याच्या मागावर असलेला संघीय अधिकारी बेंजामिन विल्सन यांच्या कहाण्या तुला गावात ऐकायला मिळतील, आणि त्या ऐकाव्यात. पण कपोनला हीच व्हिस्की आवडत असे, यासारखे वाक्य बाटली खपवणाऱ्याच्याही सोयीचे असते, हे ध्यानात असू दे. २००६ मध्ये बाजारात आलेल्या टेम्पल्टन राय या ब्रँडची व्हिस्की प्रत्यक्षात इंडियाना राज्यातील एका मोठ्या कारखान्यात तयार होत होती. त्यावरून ग्राहकांनी खटले भरले, २०१५ मध्ये तडजोड झाली आणि लेबलावरील मजकूर बदलावा लागला. त्यामुळे हा ब्रँड निघाल्यानंतर सांगितल्या गेलेल्या आठवणींना आधीच्या नोंदींचा दुजोरा असल्याशिवाय प्रबंधात जागा देऊ नकोस. ज्यांच्या घरातील माणसे पकडली गेली होती, त्यांची नातवंडे त्याच गावात राहतात. त्यांना विचारल्याशिवाय नवी नावे छापू नकोस.

खटल्यांच्या दप्तरांतून नावांची यादी तयार झाली की १९२० च्या जनगणनेची मूळ पत्रके काढ. त्यांत घर मालकीचे की भाड्याचे, आणि मालकीचे असल्यास गहाण आहे की मोकळे, असा रकाना आहे. १९३० च्या पत्रकांत गहाणाची ती नोंद नाही, म्हणून आधीचीच पत्रके लागतील. प्रत्येक नावापुढे ही नोंद लिही, पहिले प्रकरण त्या आधारे नव्याने मांड आणि दिवाळीपूर्वी माझ्याकडे पाठव.

तुझा शुभचिंतक