बी.एड. सीईटी, दोन लहान पोरं आणि ‘मन लागत नाही’ म्हणणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुम्ही लिहिलंय की थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, यंदा बी.एड.ची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यायचीच आहे, पण रात्री सगळं आवरून पुस्तक उघडलं की दोन पानांत डोळे मिटतात आणि मग आठवडाभर पुस्तकाकडं बघावंसंही वाटत नाही. आणि जाता जाता एक ओळ टाकलीय, “नॉन-क्रिमिलेअर अजून काढायचंय, ते निकालानंतर बघू.” बाकीच्यांनी पहाटे उठा, टाइमटेबल भिंतीला लावा वगैरे सांगून झालंय, त्यामुळं मी ते सांगत नाही. फॉर्म कुठं भरायचा, अभ्यासक्रम काय, हेही तुम्हाला माहीत असणारच. मी त्या जाता जाता टाकलेल्या ओळीवरच लिहिणार आहे. नॉन-क्रिमिलेअर म्हणजे घर ठरलेल्या उत्पन्नाच्या आत बसतं याचा दाखला, तो नसेल तर ओबीसी आरक्षणाचा लाभ मिळत नाही. ती वाचली आणि पोटात गोळा आला.

माझं सासर तासगाव भागात, माहेर सातारा जिल्ह्यात. घरी द्राक्षबाग. मी फॉर्म भरला तेव्हा पोरं जवळपास तुमच्याच पोरांच्या वयाची होती. आमच्याकडचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, बागेवर चालतं. ऑक्टोबरात छाटणी झाली की डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (विरळणी), मजुरांचे डबे, आणि फेब्रुवारीपासून माल सुटायला लागला की घरात कोण कधी जेवलं याचाही पत्ता नसतो. त्यात बेदाण्याची शेड असेल तर विचारूच नका. आणि सीईटीचा फॉर्म, अभ्यास, परीक्षा हे सगळं नेमकं याच महिन्यांत येतं. तरीसुद्धा अभ्यास बागेमुळं बुडाला नाही आणि पोरांमुळं तर अजिबात नाही. बुडाला तो एका कचेरीमुळं.

कचेरीचं नाव, गाव, टेबल काही लिहीत नाही. तिथली माणसं आता बदललीही असतील. झालं असं की मी नॉन-क्रिमिलेअरसाठी अर्ज केला, तर समोरच्यानं नवऱ्याचं उत्पन्न मागितलं. बागेचा सातबारा आणा, तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आणा. आणला. मग म्हणाले, तुमचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडं जा. तिकडं गेले तर म्हणाले, आता तुमचं आधार सासरच्या पत्त्याचं, इकडं कशाला आलात? ऑनलाइन अर्जावर दर वेळी ‘त्रुटी’ एवढाच शेरा. कसली त्रुटी ते लिहायचं नाही. सेतूवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, “मॅडम, साहेबांना भेटा,” आणि साहेब म्हणजे कायम मीटिंगला.

आता जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते सांगते. लग्न झालेल्या बाईचं क्रिमिलेअर ठरतं ते तिच्या आईवडिलांच्या परिस्थितीवरून. नवऱ्याची बाग, नवऱ्याचा पगार यात धरतच नाहीत. जातही वडिलांकडूनच धरतात, लग्नानं बदलत नाही. उत्पन्नाची मर्यादा 2017 पासून वर्षाला 8 लाख आहे, आणि ती बघताना वडिलांचा पगार व शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. (वडील वरच्या पदावर सरकारी नोकरीत असतील तर निकष वेगळा, तो आधी तपासा.) हे मला कुणी सांगितलं, तर कचेरीतल्या माणसानं नव्हे. मिस्टरांच्या ओळखीच्या एका निवृत्त मंडल अधिकाऱ्यानं, चहा पिता पिता, दोन वाक्यांत. एवढ्यासाठी मी धाकट्याला कडेवर घेऊन दोन जिल्ह्यांच्या एसट्या पालथ्या घातल्या होत्या. तेव्हा अर्धं तिकीटही नव्हतं बायकांना, ते मार्च 2023 पासून आलं.

परीक्षा झाली, मार्क बरे पडले. कागद तपासणीच्या दिवसापर्यंत दाखला हातात आला नाही. मग प्रवर्गाचा लाभ गेला, खुल्या गटातून धरलं, आणि खुल्या गटातून सांगली-मिरजेच्या आसपास जागा लागेना. लांबचं कॉलेज पोरं सोडून शक्य नव्हतं. सीईटीचे मार्क त्याच वर्षापुरते चालतात. म्हणजे सगळं पुन्हा.

तुम्ही विचारलंय ना, मन कसं टिकवायचं? पहिल्या वर्षी मन टिकवणं सोपं असतं हो. नवी वही, नवं पुस्तक, घरातल्यांना कौतुक. दुसऱ्या वर्षी तेच पुस्तक, तीच पेन्सिलीची खूण, आणि सासूबाई काही बोलत नसल्या तरी त्यांच्या न बोलण्यातही कळतं. मला पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची नाहीत, तो त्रुटीचा शेरा दिसायचा. इतके मार्क पाडूनही उपयोग झाला नाही तर आता कशाला, हे एकदा डोक्यात बसलं की कुठलंही भाषण ते काढू शकत नाही. ते मोटिव्हेशनचे व्हिडिओ मीही बघितलेत रात्री पोरं झोपल्यावर. बघून झाल्यावर अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि झोप येते, एवढाच त्याचा फायदा. कुणाला उपयोग होत असेल तर होवो, मला नाही झाला.

म्हणून माझं मत, आणि हे फक्त माझं मत आहे, की आपल्यासारख्या बायकांचं मन आळसानं जात नाही. केलेलं कामाला येईल की नाही याचीच खात्री नसते, म्हणून जातं. तो संशय आधी मिटवा. कागद निकालानंतर नाही, आत्ता. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी जाताच आहात तर तेव्हाच वडिलांचा आणि चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचे कागद गोळा करा. जात पडताळणी झाली नसेल तर तेही लगेच. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात नाहीतर जन्ममृत्यूच्या नोंदीत सापडतो. वडिलांच्या बाजूच्या कुणा रक्ताच्या नातेवाइकाची पडताळणी झालेली असेल तर तिची प्रत घ्या, काम पुष्कळ हलकं होतं. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार ते संपेपर्यंत, म्हणजे प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत चालणारा हवा, जुना काढून ठेवलेला असेल तर तारीख बघा.

आणि तोंडी काही ऐकून परत येऊ नका. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, नाही म्हणत असतील तर का ते लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा आहे. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा आणि नाही दिला तर अपील कुणाकडं, हे कचेरीत फलकावर लावावं लागतं. पहिलं अपील, दुसरं अपील, त्याच्यापुढं आयोग. मी दुसऱ्या वर्षी नुसतं “पहिलं अपील कुणाकडं करायचं, नाव सांगा” एवढं विचारलं आणि तीच त्रुटी आपोआप दूर झाली. कशी झाली ते त्यांनाच ठाऊक.

नावाचंही बघा. आपल्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. हॉलतिकीट आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ लागते. गावात लग्न झालं असेल तर ग्रामपंचायतीत नोंद होते. झालेलीच नसेल तर आता करून टाका, पुढं नोकरीतही लागणारच.

आता अभ्यासाचं. मी काही क्लासवाली नाही, जे मला जमलं ते सांगते. ही परीक्षा 100 प्रश्नांची, 90 मिनिटांची. बुद्धिमत्ता 40, सामान्य ज्ञान 30, शिक्षक अभियोग्यता 30, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद, दहा प्रश्नांना नऊ मिनिटं. मला हे लक्षात आलं आणि सलग दोन तास मिळत नाहीत म्हणून रडणं मी सोडलं. मुळात परीक्षेतच कुठला प्रश्न मिनिटापेक्षा जास्त खात नाही, मग अभ्यासाला तरी सलग तास कशाला? दहा प्रश्न, नऊ मिनिटं, मोबाईलवर गजर. धाकटा अंघोळीनंतर हमखास झोपतो तेवढ्यात एक, अंगणवाडीतून थोरलीला आणायच्या आधी एक. दिवसाला असे चार-पाच झाले की बस. न झालेल्यांचा हिशेब ठेवायचा नाही.

आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला फवारणीची नोंदवही टांगलेली असते. पुढच्या पानांवर कुठलं औषध, किती मिली, कुठल्या तारखेला. मी ती मागून उघडली आणि मालिकेचे, सांकेतिक भाषेचे प्रश्न तिच्यात उतरवून ठेवले. भाकरी तव्यावर असताना एक प्रश्न बघायचा, उलटताना उत्तर. वेगळी वही मुद्दाम काढावी लागली असती तर ती कपाटातच राहिली असती. एकदा मिस्टरांनी ती वही औषधाच्या दुकानात नेली आणि दुकानदारानं मागची पानं बघून विचारलं, हे कुठलं नवीन मिश्रण!

रात्री जागून अभ्यास करू नका असं मी म्हणेन, पण मी स्वतः रात्रीचाच केलाय. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला असली की मिस्टर मोटर चालू करायला उठायचे, त्यांच्याबरोबर मी उठायचे. ते बागेतून येईपर्यंत माझा तास व्हायचा. दिवसपाळीच्या आठवड्यात मी सरळ झोपायचे. हे असं कुणा दुसऱ्याच्या उठण्याला बांधून घेतलं की मनाला विचारत बसावं लागत नाही. तुमच्या घरी मोटर नसेल, कुणाची पहिली पाळी असेल, दूध घालायला जाणं असेल, काहीतरी असेलच. दीड वर्षाचं अंगावर पीत असेल तर मात्र हा नाद सोडा, तब्येत आधी.

पुस्तकांचं म्हणाल तर बुद्धिमत्तेसाठी महागडे संच घेऊ नका. शिष्यवृत्तीची आणि आठवीच्या एनएमएमएसची (तीही शाळेतली शिष्यवृत्तीचीच परीक्षा) बुद्धिमत्तेची पुस्तकं घ्या, पाया तिथं पक्का होतो, आणि कुठल्याही शिक्षकाच्या घरी जुनी पडलेली असतात. सामान्य ज्ञानासाठी पाचवी ते दहावीचा इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सांगलीत राहत असाल तर राजवाडा चौकातल्या नगर वाचनालयात जाऊन बसा. 2019 च्या महापुरात त्यांची हजारो पुस्तकं भिजली, तरी वाचनालय पुन्हा उभं राहिलं. घरात सासरे बातम्या लावून बसलेत अशा वेळी तास-दीड तास बाहेर जाणं चैन नव्हे. शिक्षक अभियोग्यतेचं मात्र पाठ करू नका. त्यातले प्रश्न बहुतेक ‘वर्गात अमुक झालं तर तुम्ही काय कराल’ अशा धाटणीचे. दोन पोरं वाढवणाऱ्या बाईला ते क्लासच्या पोरांपेक्षा बरे जमतात, फक्त घरी करतो ते उत्तर द्यायचं नाही!

घरच्यांशी आत्ताच एक बोलून घ्या. प्रवेश मिळाला की दोन वर्षांचा कोर्स आहे, नियमाप्रमाणं तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. नुसतं नाव घालून ठेवू, परीक्षेला जाऊ, असं कुणी कुणी सांगतं. त्यांच्या नादी लागू नका. पोरं दिवसभर कुणाकडं, हे ठरलेलं नसेल तर परीक्षेच्या आधीच मन मागं ओढतं, आणि आपल्याला वाटतं की आळस आलाय. फीचंही बघून घ्या. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. तुम्ही बघताय त्या कॉलेजला लागू आहे का, ते कॉलेजातच विचारा. आणि वरचे सगळे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पुन्हा तपासा, दरवर्षी काही ना काही बदलतं.

एक राहिलं. केंद्र सांगलीतच मिळेल असं धरू नका. परीक्षा 90 मिनिटांची असली तरी आत बरंच आधी घेतात आणि गेट बंद झालं की झालं. त्यामुळं धाकट्याला सांभाळायला कुणीतरी सोबत न्या, आईला नाहीतर नणंदेला, आणि त्याचं खाणं, दोन जास्तीचे कपडे, सावलीला अंथरायला चादर त्यांच्याजवळ द्या. उन्हाळ्याचं ऊन असतं आणि बाहेर बसायला बहुतेक ठिकाणी काही नसतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्याला दोन-तीन दुपारी त्यांच्याकडं ठेवून बघा, म्हणजे कुणाच्या हातचं खातो ते कळेल.