मूठभर स्पॅनिश सैनिकांनी अ‍ॅझ्टेक साम्राज्य कसं जिंकलं?

मूठभर स्पॅनिशांनी ते एकट्यानं जिंकलंच नाही. राजधानी तेनोच्तित्लानला वेढा घालणाऱ्या फौजेत बहुसंख्य लोक अ‍ॅझ्टेकांचे स्थानिक शत्रू होते, विशेषतः शेजारच्या त्लाश्काला राज्याचे. खुद्द स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या कोर्तेस यानं स्पेनच्या राजाला धाडलेल्या पत्रांत या हजारो साथीदारांचा उल्लेख आहे. १५१९ मध्ये तो उतरला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम ५०० सैनिक होते, आणि जून १५२० मध्ये त्याला राजधानीतून रातोरात पळावं लागलं. त्लाश्कालानं आसरा दिला नसता तर मोहीम तिथेच संपली असती, असं मला ठामपणे वाटतं. त्याच वर्षी देवी या रोगाची साथ आली. अ‍ॅझ्टेकांचा नवा राजा क्वित्लावाक जेमतेम तीन महिन्यांत तिनेच गेला. मात्र शस्त्रांचा वाटा नगण्य नव्हता: तोफा चढवलेल्या १३ गलबतांनी शहराभोवतीच्या तळ्यातून त्याची रसद तोडली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडलं.