छोट्या वकिली ऑफिसात पक्षकारांची माहिती सुरक्षित कशी ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वकिलीची सनद मिळून वर्ष झालंय, स्वतःचं ऑफिस टाकलंय, एक कारकून, एक ज्युनिअर आणि एक लॅपटॉप. पक्षकारांची कागदपत्रं सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि एवढ्याशा ऑफिसला हॅक करून कुणाला काय मिळणार?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या प्रिंट कुठे निघतात?

मी जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करतोय, बहुतेक दिवाणी आणि कौटुंबिक. सकाळी पावणेअकराला कोर्टाच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकदा नुसतं उभं राहून बघा. ज्युनिअर धावत येतो, दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतो, अर्ज डाउनलोड करतो, तीन प्रती काढतो आणि पुकारा होईल म्हणून तसाच पळतो. फाइल तिथल्या डाउनलोड्समध्ये राहते, व्हॉट्सॲपही चालूच राहतं. दुपारी विरुद्ध बाजूचा ज्युनिअर त्याच खुर्चीत येऊन बसतो.

माझ्याकडे पोटगीचं एक प्रकरण होतं. पक्षकार बाईंच्या बँक स्टेटमेंटचं एक पान पुसट आलं म्हणून आमच्या ऑफिसातल्या मुलाने ते दुकानातच टाकलं. दुकानदार पाठकोरे कागद जमवून शेजारच्या टपरीला देतो. चार दिवसांनी चहावाल्याने माझं महिन्याचं बिल मांडून दिलं, ते त्याच पानाच्या मागे. उलटून पाहिलं तर बाईंचं नाव, खाते क्रमांक आणि भावाने पाठवलेले पैसे तारीखवार. बाईंना बोलावून सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, ‘साहेब, हे त्यांच्या वकिलांना मिळालं असतं तर?’ एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात मी लेझर प्रिंटर आणि कागद कापायचं श्रेडर घेतलं. माझ्या ऑफिसातली सुरक्षेची पहिली खरेदी ती.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ तुम्हाला पाठ असेल. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन आपल्यावर आहेच, शिवाय आपल्या कारकुनावर आणि नोकरांवरही. झेरॉक्सवाला, नेट कॅफेवाला, पानावर पैसे घेऊन टायपिंग करणारा, हे त्यात कुठेच बसत नाहीत. आपण मात्र रोज त्यांच्याच हाती सगळं सोपवतो.

माहिती बाहेर जायची दुसरी जागा म्हणजे जुना मसुदा उघडून ‘सेव्ह ॲज’ करणं. घटस्फोटाच्या एका अर्जात परिच्छेद सातमध्ये भलत्याच नवऱ्याचा पगार आणि कंपनीचं नाव राहिलेलं मी दाखल झालेल्या प्रतीत पाहिलंय. माझा नव्हता, पण असूही शकला असता. कोरे नमुने वेगळे करून ठेवा, नावांच्या जागी ठिपके. एक रविवार जाईल.

तिसरी जागा बारचे, म्हणजे वकील संघटनेचे, व्हॉट्सॲप ग्रुप. एफआयआरचा फोटो टाकून ‘जामिनावर एखादा निवाडा आहे का?’ असं बिनधास्त विचारतात. प्रकरण बलात्काराचं असेल तर पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ग्रुपवर टाकणं म्हणजे प्रसिद्ध करणं होतं का, यावर सुंदर युक्तिवाद होऊ शकतो. तो आरोपीच्या जागी उभं राहून करायची वेळ येऊ देऊ नका.

आता हॅकिंग. ‘कुणाला काय मिळणार’ याचं उत्तर पनामात मिळालं. २०१६ मध्ये मोसॅक फोन्सेका या लॉ फर्ममधून सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं बाहेर आली, आणि २०१८ मध्ये फर्मला कुलूप लागलं. आपण काही पनामातले नाही, मान्य. पण शेकडो लोकांचे आधार, पॅन, खरेदीखतं, सह्यांचे नमुने आणि घरातली भांडणं एका जागी, तेही बिनपासवर्डच्या लॅपटॉपवर, असं वकिलाच्या ऑफिसाखेरीज आणखी कुठे सापडतं?

लहान ऑफिसांना माझ्या मते खरी भीती ईमेलची. जमिनीच्या व्यवहारात तुमचा मेल कुणी चोरून वाचत असेल, तर नेमक्या दिवशी तुमच्या नावाने पक्षकाराला मेल जातो की ‘खाते क्रमांक बदललाय, रक्कम यात भरा’. त्यामुळे मेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) आजच सुरू करा, आणि पक्षकाराला पहिल्याच भेटीत बजावा की खाते क्रमांक बदलल्याचा निरोप माझ्याकडून आला तर मला फोन करून खात्री केल्याशिवाय रुपयाही भरायचा नाही. तरी पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. तिथे मिनिटं मोजली जातात.

बॅकअप दोन ठेवा, त्यातला एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि काम झालं की ती काढून कपाटात. लावून ठेवलेल्या डिस्कलाही रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, कुलूप घालतं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा तसा व्हायरस आला तेव्हा डीएलए पायपरसारख्या अवाढव्य लॉ फर्मचे फोन आणि ईमेल बंद पडले होते. आपल्या पेनड्राइव्हची काय कथा.

बाररूममध्ये एक गैरसमज सारखा ऐकतो, ‘डेटा संरक्षण कायद्यातून वकिलांना सूट आहे.’ अर्धंच खरं. २०२३ च्या कायद्याचं कलम १७ कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच तरतुदींतून वगळतं, पण कलम ८(५), म्हणजे माहितीची वाजवी सुरक्षा राखण्याची जबाबदारी, मुद्दाम कायम ठेवतं. तिच्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. तुम्हा-आम्हाला तेवढा होणार नाही, पण सूट आहे म्हणून निर्धास्त बसू नका.

राहिलं सॉफ्टवेअर. पहिली दोन वर्षं काही घेऊ नका. लॅपटॉपच्या डिस्कला एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता न येणारं सांकेतिक रूप) लावा, ते विंडोजच्या प्रो आवृत्तीत आयतं मिळतं. कारकुनाला वेगळं लॉगिन द्या. ज्युनिअर सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला; आमच्याकडे एक मुलगा गेल्यावर आठ महिने त्याच्या फोनवर आमचा डायरीचा मेल येत होता, आणि ते त्यानेच, बिचाऱ्याने, फोन करून सांगितलं.

आणि हे वाचून झालं की आधी तुमच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’, म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप कुठेकुठे चालू आहे ती यादी, बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीन कॉम्प्युटर निघाले. त्यातला माझा एकच होता.