पपईवरचा पांढरा कापूस म्हणजे बुरशी का? आणि हा आला कुठून?

बुरशी नाही हो, कीड आहे. आपल्याकडे पिठ्या ढेकूण किंवा सरळ मिलीबग म्हणतात. नावात ढेकूण असला तरी हा खरा खवले किडींच्या गोतावळ्यातला, म्हणजे मावा आणि पांढरी माशी याचे लांबचे चुलत भाऊ, सगळे सोंड खुपसून रस पिणारे. खवले कीड अंगावर कडक कवच घेऊन एका जागी चिकटते, हा मात्र मेणाची पावडर फासून हळूहळू सरकतो, एवढाच काय तो दिसायला फरक.

पपईवरचा हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, तिथे त्याचे शत्रू आहेत म्हणून कोणाला फारसा त्रास नव्हता, नव्वदच्या दशकात कॅरिबियन बेटांवर पसरला, 1998 ला फ्लोरिडात आणि 2008 ला कोइम्बतूरला सापडला, मग दोनेक वर्षांत पुण्याकडेही. मादीला पंखच नसतात, त्यामुळे एवढा प्रवास रोपं, फळं आणि आपल्याच कृपेने.

औषध मारलं तरी अंगावरच्या मेणामुळे नीट लागत नाही. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही त्याची शत्रू असलेली इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी आणून सोडली तेव्हा कुठे आटोक्यात आला. म्हणून उठसूट फवारू नका, ती माशी आधी मरते.