वाचकांचे प्रश्न : क्वांटम संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि योग्य पर्यायाचा शोध

प्रश्न : क्वांटम संगणक एकाच वेळी सगळे पर्याय तपासतो, असे नेहमी वाचनात येते. तसे असेल, तर ऑप्टिमायझेशनची, म्हणजे असंख्य पर्यायांतून सर्वोत्तम पर्याय निवडण्याची, कोडी तो चुटकीसरशी का सोडवत नाही? – संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपल्या प्रश्नातले पहिले वाक्यच साऱ्या गैरसमजाचे मूळ आहे. क्यूबिटच्या, म्हणजे शून्य आणि एक या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकणाऱ्या क्वांटम बिटच्या, समूहात सगळे पर्याय एकत्र मांडता येतात हे खरे. पण मोजणी करताक्षणी त्यांपैकी एकच पर्याय हाती लागतो, आणि तो कोणता हे नशिबावर असते. नुसते मांडून मोजायचे, तर नाणे उडवण्यात आणि त्यात काहीच फरक नाही. खरी करामत मधल्या टप्प्यात आहे.

एक लहान उदाहरण घेऊ. चार जण गोलाकार बसले आहेत आणि प्रत्येकाचे आपल्या दोन्ही शेजाऱ्यांशी भांडण आहे. या चौघांना दोन खोल्यांत असे विभागायचे आहे की, जास्तीत जास्त भांडखोर जोड्या वेगळ्या पडाव्यात. विभागणीचे एकूण १६ प्रकार होतात आणि त्यांपैकी दोनच प्रकारांत चारही भांडणे मिटतात. आता प्रत्येक माणसासाठी एक क्यूबिट घ्यायचा. शून्य आले तर पहिली खोली, एक आले तर दुसरी. सुरुवातीला सोळाही प्रकारांना सारखेच वजन असते, त्यामुळे योग्य उत्तर मिळण्याची शक्यता आठात एक. मग ज्या प्रकारात जितकी भांडणे मिटतात, त्या प्रमाणात त्याच्या तरंगाची कला (फेज, म्हणजे तरंगाचा चढ-उताराचा टप्पा) थोडी फिरवायची आणि त्यानंतर सर्व प्रकार एकमेकांत मिसळायचे. हे दोन टप्पे आलटून पालटून केले, की चांगल्या प्रकारांचे तरंग एकमेकांना बळ देतात आणि वाईट प्रकारांचे तरंग बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देऊन विरतात. कला किती फिरवायची आणि मिश्रण किती करायचे, हे ठरवणारे कोन मात्र आपला नेहमीचा संगणक प्रत्येक मोजणीनंतर सुधारत राहतो. फारही, गोल्डस्टोन आणि गटमन यांनी २०१४ मध्ये मांडलेली क्यूएओए (क्वांटम ॲप्रॉक्सिमेट ऑप्टिमायझेशन अल्गोरिदम) ही पद्धत ती हीच. तिच्यात काम दोन यंत्रांत वाटलेले असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते; क्वांटम संगणक हा नेहमीच्या संगणकाची जागा घेणारा नसून त्याच्या शेजारी बसणारा आहे.

चौघांऐवजी चाळीस जण असतील, तर प्रकारांची संख्या सुमारे १.१ लाख कोटींवर जाते. लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या शोधपद्धतीने इतक्या प्रकारांतून एक नेमका प्रकार गाठायला सुमारे ८ लाख पावले लागतात. ही बचत मोठीच आहे. परंतु प्रश्नाच्या रचनेचा कोणताही फायदा न घेता आंधळेपणाने शोधायचे असेल, तर क्वांटम संगणकालाही याहून लक्षणीय जलद जाता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. उलट नेहमीचे संगणक कधीच आंधळेपणाने शोधत नाहीत. ८५,९०० ठिकाणांना एकेकदा भेट देऊन परत येण्याचा सर्वांत छोटा मार्ग २००६ मध्ये नेहमीच्या संगणकांनीच शोधला, आणि त्याहून छोटा मार्ग असूच शकत नाही हेही सिद्ध केले. त्यामुळे एखाद्या क्वांटम प्रयोगाची तुलना जेव्हा सर्व पर्याय एकेक करून तपासणाऱ्या संगणकाशी केली जाते, तेव्हा ती तुलना न्याय्य नाही असेच म्हणावे लागेल.

शिवाय चुकांचा प्रश्न आहे. प्रत्येक क्रियेत हजारात एक चूक होते असे धरले, तर हजार क्रिया एकही चूक न होता पार पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते, आणि दहा हजार क्रियांसाठी ती वीस हजारांत एक इतकीही राहत नाही. ८ लाख पावलांचा विचार चूक-दुरुस्तीशिवाय करताच येणार नाही.

प्रश्न : क्वांटम संगणकामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण अनेक पटींनी जलद होईल, असे एका व्याख्यानात ऐकले. यात तथ्य किती? – एक अभियंता

उत्तर : या आशेला सैद्धांतिक आधार आहे. हॅरो, हसिदिम आणि लॉइड यांनी २००९ मध्ये रेषीय समीकरणे सोडवण्याची क्वांटम पद्धत दिली आणि ठरावीक अटी पाळल्या गेल्यास ती घातांकी वेगाने, म्हणजे प्रश्न मोठा होईल तशी पटीपटीने वाढत जाणाऱ्या फरकाने, जलद ठरते. यंत्रशिक्षणाचा (मशीन लर्निंग, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाचा) मोठा भाग रेषीय बीजगणिताचाच असल्याने उत्साह वाढणे स्वाभाविक होते. अडचण आहे ती त्या अटींत.

हस्तलिखित अंकाचे २८ गुणिले २८ ठिपक्यांचे एक चित्र घ्या. त्यातल्या ७८४ ठिपक्यांच्या उजळपणाचे आकडे केवळ १० क्यूबिटमध्ये मावतात, कारण १० क्यूबिटच्या अवस्थेत १,०२४ आकड्यांना जागा असते. ऐकायला हे विलक्षण वाटते. परंतु ते आकडे आत भरण्यासाठी सर्वसाधारणपणे शेकडो क्रिया कराव्या लागतात, आणि एका मोजणीतून बाहेर येतात ते फक्त १० बिट. संपूर्ण उत्तर वाचायचे तर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो. कोठार प्रचंड असले, तरी आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा दरवाजा अरुंद आहे, आणि वाचवलेला वेळ बहुधा त्या दरवाजातच खर्ची पडतो.

याच संदर्भात २०१८ ची एक घटना मला प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते. ग्राहकांना त्यांच्या आवडीच्या वस्तू सुचवण्याची एक क्वांटम पद्धत केरेनिडिस आणि प्रकाश यांनी २०१६ मध्ये दिली होती आणि ती घातांकी बचतीचे उत्तम उदाहरण मानली जात असे. नेहमीच्या संगणकाला हे जमणार नाही, हे सिद्ध करण्याचे काम एविन टँग या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीकडे आले. तिने सिद्ध केले ते नेमके उलट. माहितीचे नमुने हुशारीने निवडले, तर नेहमीचा संगणकही जवळपास त्याच तोडीचे काम करू शकतो, हे तिने दाखवून दिले, आणि त्यानंतर तिच्याच वाटेने आणखी काही क्वांटम पद्धतींचे घातांकी दावे मागे पडले. यात क्वांटम संशोधनाचा पराभव झाला असे मी मानत नाही, कारण त्या क्वांटम पद्धतीविना ही जलद पद्धत कदाचित सुचलीच नसती.

क्यूबिटचे कोन शिकवून न्यूरल नेटवर्कसारखी (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यासारखी) रचना उभी करण्याचाही प्रयत्न होतो. तेथे २०१८ मध्ये लक्षात आलेली अडचण अशी की, रचना मोठी आणि कोन यदृच्छया निवडलेले असतील, तर सुधारणेची दिशा दाखवणारा उतारच क्यूबिटच्या संख्येबरोबर झपाट्याने सपाट होत जातो. सगळीकडे सपाट मैदान असेल, तर कोणत्या बाजूला उतरायचे हे कळणार कसे?

आशा आहे ती वेगळ्या ठिकाणी. माहिती मुळातच क्वांटम स्वरूपाची असेल, उदाहरणार्थ रेणूंची किंवा पदार्थांची अवस्था, तर ती भरण्याचा प्रश्न बराच सौम्य होतो. २०२२ मध्ये ४० क्यूबिटपर्यंत वापरून केलेल्या प्रयोगांत, अशा अवस्थांच्या अनेक प्रती एकत्र हाताळणारी पद्धत एकेक प्रत सुटी मोजणाऱ्या पद्धतीपेक्षा कितीतरी कमी प्रयोगांत शिकते, असे दिसून आले.

प्रश्न : मग आज या दोन क्षेत्रांचा एकमेकांना प्रत्यक्ष उपयोग होतो का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : होतो, पण बहुतेकांना वाटते त्याच्या उलट दिशेने. आज कृत्रिम बुद्धिमत्ताच क्वांटम संगणकाच्या मदतीला आलेली आहे. अनेक क्यूबिट मिळून एक विश्वासार्ह क्यूबिट तयार करताना, तपासणीच्या खुणांवरून चूक नेमकी कोठे झाली हे ओळखावे लागते. गूगलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अल्फाक्यूबिट नावाचे न्यूरल नेटवर्क या कामासाठी तयार केले आणि त्याची अचूकता आधीच्या आघाडीच्या पद्धतींहून सरस ठरली. मात्र चुका घडत असतानाच त्या ओळखण्याइतका वेग त्याला तेव्हा साधलेला नव्हता. त्याच वर्षी विलो या १०५ क्यूबिटच्या चिपवर, क्यूबिटचा गट मोठा करत गेल्यास चुका वाढण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर निम्म्याहून खाली येतात, हेही दिसले. पहिल्या उत्तरातल्या ८ लाख पावलांकडे जाणारी वाट याच कामातून जाते.